दिवसा रिकामा असलेला हॉल एक शनिवार आम्हाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला एका कंपनीत डेटाबेस, म्हणजे कंपनीची सगळी माहिती जिथे साठवलेली असते तो, सांभाळते, सोळा वर्षं झाली. हे पत्र खरं तर इथल्या मराठी मंडळांसाठी आणि सभागृहं चालवणाऱ्या संस्थांसाठी आहे, त्यांच्यातले बरेच जण तुमचा पेपर वाचतात म्हणून तुमच्याकडे पाठवतेय.

विषय फुकट टेक कॉन्फरन्सचा. हजारो रुपयांचं तिकीट लावून कंपन्या भरवतात ती नाही, आमच्यासारखी कामातलीच माणसं सुट्टीच्या दिवशी एकत्र येऊन भरवतात ती. बोलणारा मानधन घेत नाही, बऱ्याचदा गाडीभाडंसुद्धा स्वतःच भरतो, आणि ऐकणाऱ्याला तिकीट नाही. अमेरिकेत कोड कॅम्प, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे असेच मेळावे, सुरू झाले तेव्हा त्यांनी नियमच करून ठेवले की प्रवेश कायम फुकट आणि कामाच्या वेळात कधीच भरवायचं नाही, म्हणजे ज्याला ऑफिसातून रजा मिळत नाही तोही येऊ शकेल. ब्रुसेल्सचं फॉसडेम हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन 2001 पासून विद्यापीठाच्या वर्गांमध्ये भरतंय, हजारो लोक येतात आणि साधं नावसुद्धा नोंदवावं लागत नाही, सरळ आत जाऊन बसायचं.

आमच्या डेटाबेसवाल्यांचं म्हणाल तर एसक्यूएल सॅटर्डे, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायची भाषा. पहिला 2007 मध्ये फ्लोरिडात ऑर्लँडोला झाला, मग कितीतरी देशांत पसरला. त्यामागची मोठी संस्था 2021 च्या सुरुवातीला बंद पडली, पण शनिवार बंद पडले नाहीत, कारण ते भरवणारी माणसं त्या त्या गावचीच होती, त्यांनी ते पुढे चालवलं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आता असल्या शनिवारातून मिळतं काय, तर माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्याला अशाच एका कार्यक्रमाला गेले होते, रात्रीच्या गाडीने जाऊन रात्रीच्याच गाडीने परत. आमच्याकडे तेव्हा महिनाअखेरचा एक रिपोर्ट चाळीस मिनिटं चालायचा आणि सगळे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. चहाच्या वेळी शेजारच्या अनोळखी माणसाला हे बोलले तर त्याने एवढंच विचारलं, ताई तुम्ही व्हेअरमध्ये तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावलंय का? म्हणजे कुठल्या नोंदी हव्यात ती अट लिहिताना प्रत्येक तारखेवर आधी काही प्रक्रिया करायला सांगितलीय का. लावलं होतं. तसं केलं की त्या कॉलमवरचा इंडेक्स, पुस्तकामागच्या सूचीसारखा असतो तो, असून नसल्यासारखा होतो, डेटाबेस अख्खं टेबल वाचत बसतो. सोमवारी येऊन फंक्शन काढलं, या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत अशी सरळ अट लिहिली, रिपोर्ट दोन मिनिटांत आला. हे पुस्तकात नव्हतं असं नाही, पण मला नेमकं काय शोधायचं तेच माहीत नव्हतं, ते समोरासमोर बोलताना कळलं.

पण त्यासाठी पुण्याला का जावं लागावं? इंदूरला आयआयटी आहे, एसजीएसआयटीएससारखं इंजिनियरिंग कॉलेज आहे, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस आहेत, शिवाय दहा-पंधरा माणसांच्या छोट्या कंपन्या गल्लोगल्ली, आणि खरी गरज त्या छोट्या कंपन्यांतल्या पोरांनाच आहे कारण त्यांना शिकवायला वर कोणी सीनियर नसतो.

गेल्या वर्षी आम्ही सहा जणांनी इथे करून बघितलं. एका कॉलेजने हॉल दिला, त्यांचे आभारच, पण मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे हार, सत्कार, यातच सव्वा तास गेला. जेवणाचा खर्च ज्यांनी उचलला त्यांनी तासभर त्यांच्या कोर्सची माहिती सांगितली. 140 जणांनी नाव नोंदवलं होतं, आले 60, बाकीच्यांचं जेवण वाया गेलं, मला त्या रात्री झोप लागली नाही. आलेल्यांपैकी काही मुलं सर्टिफिकेट मिळणार नाही कळल्यावर निघून गेली. तरीही जी थांबली ती संध्याकाळी सहापर्यंत हलली नाहीत, एक मुलगी देवासहून आली होती, तिने तिथेच आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये आपण केलेला बदल घ्या अशी विनंती.

त्यावरून आम्हाला कळलं की जेवण नको, प्रायोजक नको, पाहुणे नकोत. अडतं ते जागेपाशी. आणि आपल्या मंडळांचे हॉल दिवसा रिकामे असतात, नाटक, गाणं, व्याख्यान सगळं संध्याकाळी. फुकट ऐकायला बोलावणं आपल्याला नवीनही नाही, पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली ती आजही चालते, आपल्याकडे अभ्यास मंडळाची व्याख्यानमाला लोक उन्हाळ्यात आवर्जून ऐकायला जातात. आमचं तसंच आहे हो, फक्त विषय लिनक्स, डेटाबेस, सायबर सुरक्षा असे. शिवाय माईक कुठे लावायचा, खुर्च्या किती, वीज गेली तर काय, हे मंडळातल्या काकांना जितकं कळतं तितकं आम्हाला सात जन्मात कळणार नाही, ते बरोबर असतील तर निम्मं काम झालंच.

आम्हाला एक शनिवार हवाय, सकाळी दहा ते पाच. प्रोजेक्टर, केबल, एक्स्टेंशन बोर्ड आम्ही आणू, इंटरनेट नसलं तरी चालेल कारण सगळे डेमो लॅपटॉपवरच चालतील असे ठेवणार आहोत. वीज आणि सफाईचा खर्च आपसात शंभर-शंभर वर्गणी काढून देऊ, डबा ज्याचा त्याने आणायचा. बोलणं मराठी-हिंदी मिसळून, आपण घरी बोलतो तसं. संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या आधी हॉल झाडून, खुर्च्या लावून परत देऊ. फक्त अनंत चतुर्दशीच्या आसपासचा शनिवार नको, झांक्यांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात आणि बाहेरगावच्या मुलांना परत जाता येत नाही.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर