आधी मन ओळखू तर द्या, आवरायचं नंतर बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला भावनिक बुद्धिमत्तेवरचा लेख वाचला. राग आला की दहा आकडे मोजा, सकारात्मक राहा, भावनांवर ताबा ठेवा, यशस्वी माणसं कधी चिडत नाहीत वगैरे. लेख वाईट होता असं नाही म्हणणार मी, पण हे असलं वाचून ज्याला खरंच त्रास होतोय तो माणूस अजून आत आत जातो, म्हणून लिहितोय.

आमच्या कंपनीतपण मागे याच विषयावर ट्रेनिंग झालं होतं. एचआरने बाहेरून ट्रेनर आणलेला, पीपीटीवर पाण्यात बुडालेला बर्फाचा डोंगर, चहा, समोसा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं की मी शांत आहे. त्याच संध्याकाळी प्रॉडक्शन लाइन बंद पडली आणि आम्हाला रात्री साडेअकरापर्यंत थांबवलं. आता यात शांत कोण राहणार आणि का राहायचं? कामगार चिडला तर कधीकधी त्याला चिडायला कारण असतं, हे त्या पीपीटीत कुठेच नव्हतं.

मुळात भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना अशी नाहीच आहे. पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली ती मांडली आणि पुढे त्यांनीच तिचे चार भाग केले: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करून घेणं, ती कुठून आली आणि कुठे चाललीय ते समजणं, आणि मग चौथं म्हणजे ती हाताळणं. आपल्याकडे पहिले तीन गाळून थेट चौथ्यावर उडी मारतात. जे ओळखलंच नाही ते हाताळणार कसं, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझंच सांगतो, म्हणजे हवेत बोलतोय असं वाटायला नको. वडील गेले तेव्हा मी थोरला, त्यामुळे सगळं माझ्यावर. रामकुंडावरचा दशक्रिया विधी, तेराव्याचं जेवण, पाहुण्यांची सोय, बँकेत नॉमिनीचे कागद. काका म्हणाले, तू असा खचलास तर तुझ्या आईने कुणाकडे बघायचं? बरोबरच होतं त्यांचं, आमच्या घरात असंच बोलतात आणि त्यात मायाच असते. मी खचलो नाही. कामावर गेलो, हप्ते भरले, सगळं व्यवस्थित. आणि मग काही महिन्यांनी एक दिवस ओझरकडे कामाला जाताना उड्डाणपुलावर छातीत एकदम धडधड, हाताला मुंग्या, घाम, श्वास पुरेना, वाटलं झालं, आता इथेच. गाडी कडेला घेतली. मागून हॉर्नवर हॉर्न.

ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, रक्त नॉर्मल. एका ठिकाणी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, दुसरीकडे म्हणाले टेन्शन घेऊ नका, जणू मी दुकानातून विकत घेत होतो. पण त्रास थांबेना. मग हळूहळू मी पूल टाळायला लागलो, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकेन पण खालूनच जाईन. खिशात सॉर्बिट्रेट, हार्टवाले जिभेखाली ठेवतात ती गोळी. लग्नाला गेलो की मंगल कार्यालयात दाराजवळची खुर्ची. बायको म्हणायची, अहो पुढे तरी बसा, लोक काय म्हणतील. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरनीच सांगितलं की हा पॅनिक अटॅक आहे, हार्ट नाही, मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. घरी पहिली प्रतिक्रिया काय आली असेल ते तुम्हाला माहितीये. वेड्यांच्या डॉक्टरकडे?

तर तिथे नेमकं काय होतं हे लिहायचंय, कारण लोकांना वाटतं तिथे गप्पा मारतात नाहीतर उपदेश करतात, आणि उपदेशासाठी पैसे का द्यायचे, तो तर नातेवाईक फुकट देतात.

सायकियाट्रिस्टनी काही महिने गोळ्या दिल्या आणि त्यांच्याच सल्ल्याने त्या कमी करत करत बंद केल्या. त्याच्यासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे थेरपी. मॅडमनी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच मला बूट काढून केबिनमध्ये जागच्या जागी पळायला लावलं. एक मिनिट. मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पोट सुटलेलं, मोज्यांवर पळतोय आणि समोर त्या घड्याळ लावून बसलेल्या. मग विचारलं, आता छातीत काय होतंय? म्हटलं धडधडतंय. आणि घाबरलात का? नाही. का नाही? कारण पळालो ना. मग बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, गुदमरल्यासारखं झालं, परत तेच प्रश्न. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की धडधड तीच आहे, फरक फक्त ती झाल्यावर मी स्वतःला काय सांगतो त्याचा आहे. पुलावर मी सांगायचो, अटॅक आला. त्या विचाराने अजून भीती, भीतीने शरीर अजून पेटतं, धडधड वाढते, की झालंच बघ खरं. असं ते चक्र फिरत राहतं. आणि पूल टाळला की त्या दिवसापुरती सुटका होते पण मनाची खात्री पटते की पुलावर धोका होता, टाळला म्हणूनच वाचलो, त्यामुळे टाळणं हाच रोग वाढवणारा भाग. हे मला कुठल्याही सुविचाराने कळलं नसतं.

घरी करायला वही दिली होती. घटना काय, मनात काय आलं, मग काय वाटलं आणि मी काय केलं, असे रकाने. अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या अमेरिकन तज्ज्ञांनी गेल्या शतकात 50-60च्या दशकांत ज्या पद्धती बसवल्या त्यातूनच हे आलेलं आहे, आणि आपल्या मराठी माणसांना हे काही परकं नाही, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून काम करतेय, एलिसची विचारपद्धती त्यांनी मराठीत घरोघरी नेली. पुण्याचं मुक्तांगण तर 1986 पासून, तिथे व्यसन सोडणाऱ्यासोबत त्याच्या बायकोचाही वेगळा गट असतो, सहचरी म्हणून. म्हणजे बरं होणं हे घरादाराचं काम असतं हे तिथे कधीच ओळखलं गेलंय.

वडिलांचा विषय खूप उशिरा निघाला. मॅडमनी विचारलं, वडील गेल्यावर तुम्ही रडलात कधी? मी त्यांना मंडपवाल्याचा हिशोब सांगत बसलो. भांडी किती आली, ॲडव्हान्स किती, त्याने दोन पंख्यांचे जास्त लावले ते. त्यांनी मध्ये तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं, आणि मग तोच प्रश्न परत विचारला. पुढचं लिहीत नाही.

आता सगळं छान झालं असं नाही. पुलावरून जातो रोज. क्वचित कधी होतं, ते येतं आणि उतरतं, मी गाडी चालवत राहतो. शॉपफ्लोअरवर आवाज अजून चढतो माझा, पण आता चढतोय हे मला आधी कळतं, आणि बऱ्याचदा कळतं की हा राग समोरच्या पोराचा नाहीच, वरून आलेल्या टार्गेटचा आहे, मग मी ते वर जाऊन बोलतो. यात साहेब लोकांना मी आधीपेक्षा जास्त त्रासदायक झालोय हे मान्य.

आपल्याकडच्या पुरुषांचं तर विचारू नका. 2022 मध्ये देशात 1 लाख 70 हजारांवर आत्महत्यांची नोंद झाली, त्यात शंभरातले सत्तरच्या वर पुरुष, आणि राज्यांमध्ये आकडा सगळ्यात मोठा महाराष्ट्राचा. हे सरकारच्या एनसीआरबीचे, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचे आकडे आहेत. खंबीर राहा हे वाक्य आपण किती सढळ हाताने वाटतो बघा.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. एक पैसा. मला एका तासाचे हजार रुपये पडायचे, आणि ते कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसत नाहीत कारण ॲडमिट झालं तरच क्लेम. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017चा आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. पण थेरपी ही खाटेवर पडून घ्यायची गोष्टच नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला कायद्याचा उपयोग कागदावरच. यावर तुमच्या वार्ताहरांनी जरा खोदून लिहावं.

दुसरं म्हणजे जायचं कोणाकडे. काउन्सेलर अशी पाटी आज कोणीही लावतोय, चार दिवसांचा कोर्स करून पण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, तो नंबर मागायला लाजू नये, चांगला माणूस लगेच दाखवतो. गोळ्या मात्र डॉक्टरच लिहितो, जसा सायकियाट्रिस्ट; सायकॉलॉजिस्ट नाही. आणि पहिल्याच भेटीत जो तुमचं सगळं ओळखून ग्रहदशेसारखा निकाल देतो त्याच्याकडे परत जाऊ नये, हे माझं मत.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजारांच्या प्रकारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं निघालं होतं. यातल्या कितीतरी जणांच्या हातात तुमचा पेपर असेल. तेव्हा एक विनंती, सुविचारांच्या जागी महिन्यातून एकदा तरी नोंदणी असलेल्या एखाद्या तज्ज्ञाला लिहायला सांगा, वाचकांचे प्रश्न घेऊन, नावं न छापता. आणि तेही जमत नसेल तर निदान असल्या लेखाच्या खाली केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर टाका. 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. एका ओळीची जागा लागेल.

आपला,
एक वाचक
सिडको, नाशिक
(नाव छापू नये. कंपनीत प्रमोशनची यादी निघायचीय.)