इराकच्या औषधांवरही दहा टक्के

संपादक महोदय,

इराकवर लादलेल्या व्यापारी निर्बंधांनी तिथला हुकूमशहा सद्दाम हुसेन झुकला नाही, होरपळली ती साधी माणसं, म्हणून युनोनं १९९६ मध्ये इराकसाठी 'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना (इराकचं तेल विकायचं आणि त्या पैशातून तिथल्या लोकांसाठी अन्न, औषधं घ्यायची) सुरू केली आणि त्यातही लोकांनी हात धुवून घेतले याची मला आजही चीड येते. औषधं, गहू पुरवणाऱ्या कंपन्या बिल साधारण दहा टक्क्यांनी फुगवायच्या आणि 'विक्रीनंतरची सेवा' असं काहीतरी नाव देऊन ती रक्कम गुपचूप सद्दाम सरकारला पोचवायच्या, म्हणजे पैसा परत इराकी जनतेच्याच तेलाचा! अहो, गव्हाला कुठली सर्व्हिसिंग लागते? तरी कॉन्ट्रॅक्टं मंजूर होत गेली. २००५ मध्ये या योजनेची चौकशी करणाऱ्या युनोच्या व्होल्कर समितीनं दोन हजारांहून जास्त कंपन्यांवर बोट ठेवलं, आपल्याकडे मात्र त्या अहवालात नाव आलेले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री नटवर सिंग यांच्या मंत्रिपदाचीच चर्चा, औषधाविना राहिलेल्या पोरांबद्दल फार कुणी बोललंच नाही.

– एक वाचक