आमच्या सीनियर वकील मंडळींचे मनापासून आभार

आमच्या लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनेतल्या सगळ्यांना थँक्यू म्हणायचंय, नावं घेतलेली तुम्हाला आवडत नाहीत म्हणून घेत नाही. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीचं ४२० चं ३१८, निम्मी पुस्तकं एका दिवसात जुनी, तेव्हा तुम्ही लायब्ररीत नवे बेअर अॅक्ट (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं) आणून ठेवलेत आणि सर-मॅडमना शिकवताना सोपं जावं म्हणून जुन्या-नव्या कलमांचा तक्ताही करून दिलात. मूट कोर्टच्या (विद्यार्थ्यांच्या सराव खटल्याच्या) आधी सोलापूर कोर्टातून थेट कॉलेजवर यायचात, गळ्यातला वकिली पांढरा बँडसुद्धा न काढता आमचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लाल पेननं ओळ न ओळ तपासायचात, "प्रेयर (कोर्टाकडे शेवटी करायची मागणी) कुठाय रे?" म्हणून ओरडायचात पण. बार्शी, अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या काही पोरापोरींची फी भरलीत तीही कुणाला कळू न देता, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं, तिथलं कामकाज दाखवायलाही तुम्हीच नेलंत. लई उपकार आहेत तुमचे. वकिलीची सनद मिळाली की आम्हीपण संघटनेत येतोय, ज्युनियर पोरांची मेमोरियल तपासायला.