वावराचा फेरफार होणार नाही

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. प्रवीणला अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तापतो अन् तू फोन ठेवून देतो, म्हणून लिहून पाठवत आहे. तुझ्या नावावरचं तीन एकर वावर बक्षीसपत्र करून माझ्या नावावर आणायचं, कंपनीतली नोकरी सुटली असं दाखवायचं, म्हणजे तुझ्या बायकोला, अश्विनीला, खावटी (पोटगी) द्यावी लागणार नाही, असं तू काकाजीजवळ बोललास. मी त्यावर सही करणार नाही. तलाठ्याकडे फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायलाही येणार नाही.

तुझा बाप तालुका कोर्टात शिपाई होता. दारात उभं राहून नावं पुकारण्यात माझी सारी नोकरी गेली. 'साहेब, मला काहीच उत्पन्न नाही' म्हणणारे किती पाहिले. खिशात नव्या गाडीची किल्ली, मनगटावर जाडजूड कडं, अन् तोंड असं की सकाळपासून पोटात अन्न नाही. साहेब लोक हे रोज पाहतात रे.

पूर्वी अशा बाता थोड्या तरी चालायच्या. २०२० साली सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ठरवून दिलं की खावटीच्या केसमध्ये नवरा-बायको दोघांनीही मिळकतीचं अन् कर्जाचं शपथपत्र द्यायचं. नोकरदाराचा नमुना वेगळा, शेतकऱ्याचा वेगळा. शेतकऱ्याच्या नमुन्यात वावर किती, ओलिताचं की कोरडवाहू, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न किती, बटईने दिलं-घेतलं का, गाई-म्हशी-बकऱ्या किती, वावरावर कर्ज किती, हे सगळं विचारलं आहे. केस लागल्यावर वावर बापाच्या नावावर गेलं, तर समोरचा वकील फेरफाराची तारीखच साहेबांपुढे ठेवील. खोट्या शपथपत्राची कारवाई वेगळी होते. अन् अश्विनी शिवणकामात जे कमावते ते तिलाही लिहून द्यावंच लागेल, त्याची तू काळजी करू नको. पण ती चार पैसे कमावते म्हणून खावटी आपोआप बंद होत नाही.

नोकरी सोडून बसलास तरी उपयोग नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायको-लेकरं पोसलीच पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येही सांगितलं आहे. खावटी किती, याचं ठरलेलं गणित नाही. दोघांचं राहणीमान, कमाई, लेकराचा खर्च, तुझ्यावर असलेली माणसं, असं सगळं पाहून साहेब ठरवतात. म्हणून खरा आकडा दिलेला बरा. त्यात माझ्या औषधांचा खर्चही दाखव, तो खराच आहे.

तू म्हणतोस, तारखा वाढवत राहू, ती थकेल. खावटी अर्ज केल्या तारखेपासून धरतात. तू जितका ओढशील तितकी थकबाकी आपल्याच दारात साचेल. बाईला तिची कमाई न पाहता विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे. ती कशी थकेल? हुकूम होऊनही पैसे भरले नाहीत तर वॉरंट निघतं, एकेका महिन्याच्या थकबाकीपायी महिन्यापर्यंत आत बसावं लागू शकतं, अन् आत बसून आलं तरी पैसे फिटत नाहीत. खावटीचं जुनं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं, पण कोर्टाच्या आवारात अजून सगळे 'एकशे पंचवीसची केस' असंच म्हणतात.

तुझी मावशी नवीन स्थळ पाहते म्हणे. नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी करून घ्या, हा सल्लाही तिचाच. आपल्या समाजात तशी रूढी नाही, अन् असती तरी ती कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या कागदावर दुसरं लग्न लावलंस तर तो सरळ गुन्हा. वेगळंच व्हायचं असेल तर दोघांच्या संमतीने अर्ज करा. त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, मग सहा महिन्यांची मुदत. खावटी, पोरीचा ताबा, सगळं मिटलं असेल तर ती मुदत माफ करता येते, हे २०१७ च्या निकालात आलं आहे.

आता आरूचं. 'पाच वर्षांची झाली की पोरगी माझी' हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं? १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत लेकरू साधारणपणे आईकडे ठेवावं असं आहे. त्यानंतर ते बापाकडे जावं असं कुठेच लिहिलेलं नाही. लेकराचं भलं कशात आहे तेवढंच कोर्ट पाहतं. ती शाळेत कुठे जाते, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, हे विचारतात. समज आलेल्या लेकराला साहेब स्वतः चेंबरमध्ये बोलावून विचारतात, आई-बाप बाहेर.

तेव्हा भेटीचा हक्क माग, तो बापाला मिळतो. पण मिळाला की पाळ. कोर्टाच्या व्हरांड्यात मी एक बाप पाहिला होता, कुरकुऱ्यांची पुडी घेऊन आलेला. महिन्यांनी आला होता. पोट्टी त्याच्याकडे पाहून आजीच्या लुगड्यामागे लपली, अन् तो तिच्या आईवरच ओरडायला लागला. खावटी अन् भेट यांची गाठ घालू नको. पैसे देतो म्हणून भेट, भेट नाही तर पैसे नाही, असं कोर्ट चालवत नाही.

केस पुण्याला नेण्याचंही मनातून काढ. ती माहेरी राहते, तिथल्या कोर्टात अर्ज करायचा तिला हक्क आहे. तुलाच यावं लागेल.

इवायांकडे, अश्विनीच्या माहेरी, मी गेलो होतो. चहा दिला, जास्त बोलले नाहीत. आरूच्या शाळेची फी मी भरून आलो, त्याची पावती तुझ्या वकिलाला दे.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळीच ये. येताना पगाराच्या स्लिपा अन् बँकेचं स्टेटमेंट आण, सातबारा मी काढून ठेवतो. शपथपत्र आपण दोघं वकिलासमोर बसून भरू. दुपारी वेळ मिळाला तर कापूस वेचणीला लाग, पऱ्हाटी फुटली आहे अन् माणसं मिळत नाहीत.

तुझा बाबा