सहाव्या वर्षीची दाढ

महोदय,

भांडुपला डोंगरउतारावरच्या आमच्या वस्तीत मी अंगणवाडी सांभाळते. ‘दुधाचेच दात, पडणारच की’ म्हणत किडलेल्या दाढेकडे काणाडोळा होतो. पण ६ व्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ कायमची असते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तिलाही दुधाचीच समजतात! शिवाय दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात. आधीच काढल्या तर शेजारचे दात सरकून नव्या दाताची जागा अडवतात. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं तर घरोघरी चालतं. लसीकरणाला बाळ येतं, वजन होतं. तेव्हाच ओठ उचलून दात पाहायला किती वेळ लागतो? पालिकेच्या दवाखान्यांनी एवढं सुरू करावं.

– एक अंगणवाडी सेविका, भांडुप (पश्चिम)