विमान तासाभराचं, मोडतात मात्र तीन दिवस

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरच्या विमानाची बातमी पेपरात आली की मी आधी ती वाचतो, बाकीचा पेपर मग. कारण आमच्या घरात गेली दोन वर्षं विषयच तो आहे. आमच्या अण्णांचं (वडील, वय ७४) आतड्याचं ऑपरेशन मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमधे झालं आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. आधी महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचो. रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून टॅक्सीने परळ. धडधाकट माणसाला महालक्ष्मीसारखी सोय नाही, ते मान्यच. पण ज्याच्या पोटाला (ऑपरेशननंतर शौच साठायला लावतात ती) पिशवी लावलीय त्याला रात्रीतून चार-पाच वेळा गाडीच्या संडासात जावं लागणं म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. मी दाराबाहेर टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचो, सातारच्या पुढं आदर्कीच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली की आतून अण्णांचा आवाज यायचा, "आहेस न्हवं रं?" आणि मी बाहेरून "हाय अण्णा" म्हणायचो. सह्याद्री एक्स्प्रेस कोरोनात बंद पडली ती परत सुरू झाली पुण्यापर्यंतच, त्यामुळे रात्रीच्या गाडीला पर्यायही फार उरला नाही.

म्हणून विमानाचा विचार केला. पैसे जास्त जातात पण बहिणीने आणि मी निम्मे निम्मे वाटून घेतले.

पहिल्यांदा गेलो तो दिवस मी विसरणार नाही. घरातून उजळाईवाडीला पंधरा मिनिटांत पोचलो. हा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झाला, अण्णा प्राथमिक शिक्षक होते, वर्गातल्या पोरांना हे त्यांनी कितीदा तरी सांगितलं असेल, पण कुंपणाच्या आत त्यांचं पाऊल पडलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. नवीन टर्मिनल (मार्च २०२४ मधे उद्घाटन झालं ते) बाहेरून दगडी वाड्यासारखं दिसतं, अण्णा दोन मिनिटं कमानीकडं बघतच उभे. आत गर्दी नाही, लांबच लांब चालणं नाही. तपासणीला पोलीस ताई होत्या, त्यांना मी पिशवीचं हळूच सांगितलं तर त्यांनी अण्णांना बाजूला नेऊन, कुणाला कळणार नाही अशा बेताने तपासणी उरकली. विमानापर्यंत चालतच जायचं असतं, वारा होता, एका पोराने अण्णांचा दंड धरून शिडी चढवली आणि सीटवर बसवूनच तो खाली उतरला. मोठ्या विमानतळावर एवढी माया कोण करणार? वर गेल्यावर खाली उसाचे पट्टे, पंचगंगेचं वळण, मग सह्याद्रीची धार. अण्णा खिडकीला कपाळ लावून बसले होते. तासाभरात एकदाही उठावं लागलं नाही, आणि चाकं टेकली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आली व्हय मुंबई?" मला भरून आलं, खरंच सांगतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्ही ज्या ज्या वेळी गेलो त्या त्या वेळी विमान दुपारचं मिळालं. मुंबईत उतरायचं, बॅग घ्यायची, टॅक्सीत बसायचं, आणि विमानतळ ते परळ दीड तास, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला यायला लागला त्याच्यापेक्षा जास्त वेळ. तोवर संध्याकाळ. अण्णांचं रक्त द्यायचं असतं सकाळी उपाशीपोटी, त्यानंतर स्कॅन असेल तर स्कॅन, मग डॉक्टर. देशभरातून पेशंट येतात तिथं, गर्दी असणारच, आणि तिथल्या डॉक्टर-सिस्टरांनी माझ्या बापाला जीवदान दिलंय त्यामुळे तक्रार त्यांच्याबद्दल अजिबात नाही. पण हिशोब बघा, पहिल्या दिवशी पोचायचं, रात्री लॉज, दुसऱ्या दिवशी तपासणी, ती संपेपर्यंत परतीचं विमान निघून गेलेलं असतं, म्हणून परत लॉज, तिसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या दिवशी विमान नसलं तर चौथा. तासाभराच्या प्रवासाला माझ्या तीन रजा जातात आणि लॉजचं व खाण्याचं बिल तिकिटाच्या बरोबरीने येतं. लॉजमधल्या त्या दोन रात्री अण्णांना झोप लागत नाही, पिशवी गळेल आणि चादर खराब होईल म्हणून रात्रभर ते पाठीवर सरळ पडून असतात.

हेच विमान सकाळी सातला सुटलं आणि संध्याकाळी सातला परत आलं तर? सकाळी दहाला परळात, दिवसभरात रक्त आणि डॉक्टर, रात्री अण्णा आपल्या अंथरुणात. आठवड्यातले तीनच वार द्या पाहिजे तर, पण वेळ ही द्या.

असं का होत नाही म्हणून मी थोडं वाचलं, ओळखीच्या लोकांना विचारलं. कोल्हापूरकडून अडचण आता फारशी राहिलेली नाही, धावपट्टी १३७० मीटरची होती ती १९३० झाली, नाइट लँडिंगची सोय झाली. अडतं ते मुंबईला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि सकाळच्या-संध्याकाळच्या वेळा म्हणजे सोनं, त्या दिल्ली-बेंगळुरूच्या मोठ्या विमानांना जातात. छोट्या शहराच्या छोट्या विमानाला उरलेला स्लॉट, म्हणजे भरदुपार. मग दुपारच्या विमानाला वकील जात नाही, व्यापारी जात नाही, पेशंट माझ्यासारखा नाइलाज असेल तरच जातो, सीटा रिकाम्या राहतात आणि मग सांगितलं जातं की कोल्हापूरला प्रवासीच नाहीत. प्रवासी आहेत हो! शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीवाले बघा, मुंबईत दोन तासांच्या मीटिंगसाठी रात्रभर गाडी चालवत जाणारे माझ्या माहितीतच पाच-सहा जण आहेत.

छोटी शहरं स्वस्त विमानाने जोडायची केंद्राची जी उडान योजना, तिचंही तसंच. २०१६ साली योजना आली तेव्हा तासाभराच्या विमानाला अडीच हजार रुपये असं सांगितलं होतं, ते साधारण निम्म्या सीटांना, आणि कंपनीला सरकारकडून मदत मिळणार होती ती तीन वर्षं. म्हणजे तीन वर्षांत मार्ग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. गैरसोयीच्या वेळेवर तो उभा कसा राहील? एप्रिल २०१८ मधे याच योजनेतून कोल्हापूर-मुंबई सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि हे एकट्या कोल्हापूरचं नाही. नांदेड, जळगाव, आता अमरावती, सोलापूर, प्रत्येक गावातून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जाणारे पेशंट आहेत.

आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, २५ डिसेंबर २०२५ पासून. माझी कळकळीची विनंती आहे, तिथल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या काही वेळा राज्यातल्या छोट्या शहरांसाठी कायमच्या राखून ठेवा. लोक म्हणतात नवी मुंबई लांब पडते. पेशंटला नाही पडत! टाटाचंच खारघरचं केंद्र तिथून जवळ आहे, आणि परळला जायचं तर अटल सेतूवरून थेट शिवडी, शिवडीच्या पुढं परळ किती लांब ते मुंबईकराला सांगायला नको. विमानतळावरून सेतूमार्गे परळच्या हॉस्पिटलांपर्यंत एक बस ठेवली, चढायला खालची पायरी असलेली, तर व्हीलचेअरवाल्यांचे किती हाल वाचतील.

अजून एक सांगतो. एकदा विमान रद्द झाल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही विमानतळावर पोचलेलो होतो. पाऊस असता तर काही बोललो नसतो, ढग खाली आल्यावर वैमानिकाने जीव धोक्यात घालावा असं कुणीच म्हणणार नाही. पण आभाळ स्वच्छ होतं आणि मेसेजमधे नुसतं ऑपरेशनल कारण. पैसे परत मिळाले. पण तपासणीची तारीख परत कशी मिळणार? त्या रात्रीच्या महालक्ष्मीचं आरक्षण ऐनवेळी मिळालं नाही, मग भाड्याची गाडी केली, कागल-सातारा रस्त्याचं काम चाललेलं, डायव्हर्जनचा एकेक दणका अण्णांच्या टाक्यांवर बसत होता आणि ते सीटच्या कडेला घट्ट धरून डोळे मिटून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. म्हणून मागणी साधी आहे. विमान रद्द करायचं असेल आणि कारण हवामानाचं नसेल, तर आदल्या दिवशी महालक्ष्मी सुटायच्या आत प्रवाशाला फोन गेला पाहिजे. मेसेज नको, फोन. पेशंट आहे असं तिकीट काढतानाच लिहून घेता येतं, अशी नावं एका विमानात दोन-चारच असतील.

आमचे खासदार, पालकमंत्री, व्यापाऱ्यांच्या चेंबरची मंडळी विमानासाठी झटतात हे मला माहीत आहे, त्यांच्यामुळेच एवढं तरी झालं. त्यांनी पुढच्या बैठकीत नवीन शहरं जोडायच्या आधी मुंबईच्या वेळेचा विषय घ्यावा, आणि वेळापत्रक ठरवताना हॉस्पिटलच्या ओपीडीची वेळ काय असते ते कुणालातरी एकदा विचारावं.

अण्णांची पुढची तारीख श्रावणात आहे. परवा त्यांनी विचारलं, "औंदा तरी सकाळचं इमान मिळंल का?" मी बघतो म्हणालोय.

आपला,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर