हिरवा ठिपका किती खोल?

विश्रामबाग, सांगली
१४ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर नेमका प्रश्न विचारलास आणि ओपीडीची गर्दी म्हणून लगेच ठेवलास, म्हणून सविस्तर लिहितोय. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला तू आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग देतोस, पडद्यावर पित्तनलिका हिरवी चमकते. मग ती किती खोल आहे तेवढं यंत्राला का सांगता येत नाही? लेका, आमचं घोडं तिथंच अडलंय.

तो हिरवा रंग मुळात खोटा. आयसीजी ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड घेतं आणि ८३०च्या आसपासचा परत देतं. तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेरा त्याला रंग चढवतो. साधारण ६५०च्या खाली रक्त उजेड खातं, ९५०च्या पुढं पाणी. जे काय जायचं ते मधल्या फटीतून. आपल्या सांगलीची हळदही निळ्या उजेडात झकास चमकते बरं का, पण निळा उजेड रक्तातून पुढं सरकतच नाही. मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, मला उपयोग शून्य!

शोषण परवडलं, खरा वैरी म्हणजे विखुरणं. मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघ. तांबडा उजेड वर येतो, हाडाची रेघ काही दिसत नाही. शरीरात मिलिमीटरभर गेलं की प्रकाशाला आपली मूळ दिशा आठवत नाही. सीटीत क्ष-किरण बऱ्यापैकी सरळ जातात, म्हणून तिथं गणित निभावतं. इथं आम्ही चहूबाजूंनी लेसर सोडायचा, बाहेर आलेला उजेड मोजायचा आणि त्यावरून आतलं चित्र काढायचं. पंचाईत अशी की आतल्या अगदी वेगवेगळ्या मांडण्या बाहेर जवळपास सारखेच आकडे देतात. चिमूटभर नॉइज आला की उत्तर भरकटतं. त्याला टिखोनोव्हचा लगाम घातला, म्हणजे फार चढउतार असलेली उत्तरं गणितातच दाबली, तर चित्र गुळगुळीत होतं, आणि शेजारशेजारच्या दोन नळ्यांचा एकच फुगीर डाग होतो. विरळपणाची अट घातली, म्हणजे चमक मोजक्याच जागी असणार असं धरलं, तर एका सलग गाठीचे तुटक ठिपके.

त्यामुळे रोज कुणीतरी नवा अल्गोरिदम काढतो. बऱ्याचदा शरीराचे बारीक तुकडे पाडलेल्या ज्या गणिती जाळीवर कृत्रिम आकडे तयार केले, त्याच जाळीवर ते सोडवतात. स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच सोडवून पहिलं यायचं! डीप लर्निंगवाल्यांचंही थोडंफार तेच. सिम्युलेशनवर शिकलेलं न्यूरल नेटवर्क खऱ्या उंदराच्या आकड्यांसमोर बावचळतं. माझं मत विचारशील तर आधी मोजमाप सुधारा, मग गणित.

न्त्झियाख्रिस्तोस, वाइसलेडर वगैरे संशोधक मंडळींनी २००२ साली जिवंत उंदराच्या मेंदूतल्या गाठीतली एन्झाइमची हालचाल बाहेरच्या उजेडावरून आतलं चित्र काढायच्या याच पद्धतीनं दाखवली. त्यांच्या गटाची एक युक्ती मला फार आवडते. फ्लोरोसन्सच्या, म्हणजे रंगानं परत दिलेल्या उजेडाच्या, आकड्याला त्याच जागी मोजलेल्या मूळ लेसरच्या आकड्यानं भागायचं. लेसर कमीजास्त झाला, फायबर नीट टेकला नाही, असल्या भानगडी बऱ्याच अंशी कटतात.

बाकी सगळी टेबलावरची मारामारी. लेसर फ्लोरोसन्सपेक्षा कितीतरी पट प्रखर, आणि लेसर अडवणाऱ्या फिल्टरवर किरण तिरपा पडला की लेसर आरपार गळतो. म्हणून फिल्टर लेन्सच्या पुढ्यात न लावता किरण समांतर होतात तिथं बसवायचा. आयसीजी पाण्यात टिकत नाही, दर वेळी ताजं कालवायचं. जास्त घट्ट केलं तर उलट मंद चमकतं, आणि विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

आता तुझ्या पित्तनलिकेचं. ऑपरेशन टेबलावर पेशंटभोवती चौफेर लेसर फिरवता येणार नाही. उजेड सोडायचा आणि टिपायचा, दोन्ही एकाच बाजूनं. अशा वेळी मला वेळेचा रस्ता जास्त पटतो. खोलवरून आलेला प्रकाश उशिरा पोचतो, पण तो उशीर नॅनोसेकंदाहूनही कमी. तो मोजणारे डिटेक्टर आहेत, फक्त किंमत ऐकली की आमचे प्राचार्य विषय बदलतात. सीटी किंवा एमआरआयचा नकाशा आधी हातात असेल तर गणिताला आधार मिळतो, पण पोटात गॅस भरून फुगवलंस की तो नकाशा तसाच राहतो का, हे तूच सांगायचं.

एक काम कर. इंजेक्शन दिल्यापासून कॅमेरा लावेपर्यंत तुमच्याकडे साधारण किती वेळ जातो आणि नलिकेवर चरबी किती असते, ते पुढच्या केसेसना टिपून ठेव. आणि तुमच्या फार्मसीत मुदत संपलेली इंट्रालिपिडची (शिरेतून द्यायच्या दुधट स्निग्ध द्रवाची) बाटली असली तर टाकून देऊ नका. पाण्यात मिसळली की ती शरीरासारखाच उजेड विखुरते. आमचा नकली पेशंट तिच्यातूनच तयार होतो. येत्या रविवारी भाऊ साताऱ्याला येतोय, त्याच्याकडे दे.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग.

तुझा,
अविनाश